ऊसतोडीच्या तळावर सणाची खेळणी कशी द्यावीत

खेळणी वाटल्याने ऊसतोडीच्या तळावरची गरिबी तसूभरही कमी होत नाही. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटत नाही, कोपीला, म्हणजे तळावरच्या झोपडीला, दार येत नाही, सात वर्षांच्या मुलीच्या कडेवरचं धाकटं भावंड खाली उतरत नाही. हे आधी मान्य करा, मगच पुढचं वाचा. तरीही मी दर हंगामात खेळणी घेऊन जाते, कारण पोट भरलं की मुलाला खेळायला लागतं, आणि पोट अर्धं भरलेलं असलं तरी लागतंच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खेळण्याच्या हक्काचं आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. मुलाचं भलं होतं की त्याच्या घराचा पाणउतारा होतो, हे ठरतं खेळणं कोणाच्या हातून मिळालं यावर. बाकीचे सगळे सल्ले या एका गोष्टीपुढे किरकोळ आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा सरला की बीड, जालना, अहिल्यानगर आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जतकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरू लागतात, आणि पाठोपाठ शहरातल्या मंडळांचे फोन येतात. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

दिवाळी सोडा, संक्रांत धरा

दिवाळीत जाऊ नका. तेव्हा अर्ध्या टोळ्या वाटेत असतात, काही गावी सण करून निघणार असतात, आणि आलेल्यांच्या कोप्या अजून उभ्या राहायच्या असतात. त्यातून फराळ आणि खेळणी घेऊन येणाऱ्यांची गर्दीही तेव्हाच. पुढे एप्रिलपर्यंत कोणी फिरकत नाही. संक्रांतीपर्यंत तळ स्थिरावतो, कोण कोणाचं मूल ते तुम्हाला कळलेलं असतं, आणि घराघरात बोरनहाणाचं निमित्त असतं. मधले दोन महिने ओळख करून घ्यायला वापरा.

मोजणी

अंगणवाडी सेविकेला बरोबर घ्या, कोपीगणिक मुलांची वयं लिहा. नावं, फोटो, आधार क्रमांक काही मागू नका. एक सांगून ठेवते: अकरा ते चौदाची मुलं यादीतून हमखास गळतात, कारण दिवसा ती फडात मोळ्या बांधत असतात. त्यांना संध्याकाळी गाठा.

खरेदी

जुनी खेळणी गोळा करू नका. तुटकी मोटार आणि एका डोळ्याची बाहुली तळावर नेणं म्हणजे आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या कोपीत टाकणं, आणि कोपीत अडगळीला जागा नसते.

नवीन घ्या आणि आयएसआय चिन्ह बघून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. सांगलीच्या मारुती रोडवर घ्या नाहीतर गावच्या जत्रेत, दुकानदाराला खोकं उलटं करून दाखवायला सांगा. बॅटरीचं काहीच घेऊ नका. सेल संपला की खेळणं मेलं, आणि त्यातला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. तळापासून दवाखाना किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सव्वा इंचापेक्षा लहान सुटा भाग असलेलं काही नको.

टिकतं काय? रबरी चेंडू, दोरीच्या उड्या, भोवरा, स्टीलची भातुकली, कापडी बाहुली, मोठा खुळखुळा, सापशिडी, प्लास्टिकची बॅट, रंगपेटी आणि कोरी वही. हंगाम संपल्यावर भांड्याकुंड्यांच्या गोणीत मावेल तेवढंच. मोठ्या मुलींना बाहुली देऊ नका; त्यांना चेंडू आणि बॅट द्या. दिवसभर खरं मूल सांभाळणाऱ्या मुलीला खोटं मूल सांभाळायला देण्यात काही अर्थ नाही.

दुकान

आता खरं काम. इथेच मी बरेच हंगाम अडखळले, म्हणून इथे सावकाश वाचा.

नेहमीची पद्धत अशी असते. गाडी येते, बॅनर लागतो, मुलांची रांग होते, पाहुणे एकेका हातात खोकं ठेवतात, फोटो निघतात. असे कार्यक्रम मी अनेकदा पाहिले आहेत आणि दर वेळी माझी नजर मुलांवरून मागे गेली आहे. आया पदर सावरत हसत असतात. बाप तिथे नसतात. ते बैलांना पाणी दाखवायला गेलेले असतात, टायरगाडीचं जू तपासत असतात, कुठेही असतात, पण रांगेजवळ नसतात. आपण वर्षभरात घेऊ शकलो नाही ती वस्तू परका माणूस आपल्या पोराला देतो आहे, हे उभं राहून बघणं कोणत्या बापाला जमेल?

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत नाताळला गरीब मुलांना खेळणी देण्याची मोठी रीत आहे. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला बिल हेंड्रिक्स या मरीन दलाच्या अधिकाऱ्याने खेळणी गोळा केली, पुढच्या वर्षी मरीन दलाने ते काम देशभर नेलं, आणि ते अजून चालू आहे. त्याच देशात अटलांटा शहरातल्या गरीब वस्तीत राहून काम करणारे रॉबर्ट लप्टन यांनी नाताळात एका घरात बसून पाहिलं, की देणारं कुटुंब भेटी घेऊन आत आलं, मुलं हरखली, आणि बाप गुपचूप घराबाहेर निघून गेला. मग त्यांनी वाटप थांबवून दुकान काढलं. लोकांनी दिलेली खेळणी तिथे अगदी कमी दरात ठेवायची, आईबापांनी निवडून विकत घ्यायची आणि मुलांना स्वतः द्यायची. मी हे वाचलं तेव्हा मला तळावरचे ते बैलांपाशी गेलेले बाप आठवले. तेव्हापासून मी वाटप करत नाही, दुकान लावते. तुम्हीही तेच करा.

दिवस आठवडी बाजाराचा घ्या. त्या दिवशी मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, टोळीला खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, देतो, त्यामुळे हातात चार पैसे असतात, आणि संध्याकाळी माणसं बाजार करून तळावर परततात. रविवार बघून जाऊ नका. फडाला रविवार नसतो. ज्यांच्या घरातलं कोणीच तळावर नाही अशा वेळी लावलेल्या दुकानातून शेवटी मुलंच हात पसरतात.

मुकादमाची परवानगी लागतेच, तिला पर्याय नाही. पण त्याच्याकडून फक्त दिवस आणि जागा ठरवून घ्या. तो म्हणेल, "बाई, माझ्याकडं द्या, मी बरोबर वाटतो." देऊ नका. मुकादम वाईट असतो असं नाही, कित्येक जण स्वतः कोयता धरूनच वर आलेले असतात. पण सगळ्या टोळीच्या उचलीचा हिशेब त्याच्याकडे असतो. त्याच्या हातून गेलेलं खेळणं हा त्याचा उपकार होतो, आणि उपकार पुढे कधीतरी जादा मोळ्यांच्या रूपात फेडावा लागतो. नम्रपणे सांगा, "दुकान बायकांनी चालवायचं ठरलंय." आणि खरंच तसं करा. तळावरच्याच दोघी-तिघींना गल्ल्यावर बसवा. दर त्यांनाच ठरवू द्या.

दर म्हणजे पाच, दहा, फार तर वीस रुपये. वस्तू दीडशेची असली तरी वीसच. वरचे पैसे शहरातल्या लोकांनी भरले आहेत हे उघड सांगा, लपवू नका; खोट्या दुकानाचा वास माणसांना लगेच येतो. यावर शहरातले देणगीदार हमखास चिडतात: गरिबांकडून पैसे घेता? हो, घेते. आठवडी बाजारात तीच बाई बांगड्या भरते, पोराला फुगा घेऊन देते, दहाचे आठ कर म्हणून भांडते. तिथे ती गिऱ्हाईक असते. आपल्या रांगेत उभी राहिली की तीच बाई लाभार्थी होते. घासाघीस होऊ द्या. पंधराचं खेळणं बाराला नेलेल्या बाईचा चेहरा बघा, मग पैसे का घ्यायचे ते मला विचारावं लागणार नाही.

उधारी मात्र कधीही नको. वीस रुपयांचीही नको. ही माणसं उचलीच्या कर्जात बांधलेली असतात, त्यात सणाच्या खेळण्याचं देणं चढवणं हे पाप आहे. पैसे नसतील तर दुसरा मार्ग काढा. एका बाईने आमच्याकडे वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी आणून टाकली आणि भातुकली मागितली. गल्ल्यावरच्या बायकांनी पेंढी घेतली, म्हशीवाल्याला विकली, हिशेब पुरा केला. कोणी दुकान मांडायला हात लावतं, कोणी तासभर गल्ला सांभाळतं. चालतं. फुकट मागणाऱ्याला नाही म्हणायचं धाडस गल्ल्यावरच्या बायकांना असतं, आपल्याला नसतं, म्हणूनही त्याच तिथे हव्यात.

एकट्या बाईकडे लक्ष ठेवा. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटं माणूस अर्धा कोयता. तिची कमाईही अर्धी. नवरा वारलेली किंवा टाकलेली बाई दुकानापाशी सगळ्यांत शेवटी येते, तोवर चांगल्या वस्तू गेलेल्या असतात. तिच्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवल्या तर चारचौघांत तिला कमीपणा येतो. त्यापेक्षा तिलाच गल्ल्यावर बसवा. मग माल आधी तिच्या नजरेखालून जातो आणि कोणाला काही म्हणायला जागा राहत नाही. नातवंडं सांभाळायला आलेल्या आजीलाही विसरू नका. कित्येक मुलांचे आईबाप तळावर नसतात, आजीच असते.

दुकान चालू असताना मुलं तिथे नकोत. हे फार महत्त्वाचं आहे. दोन तरुण शिक्षक किंवा कॉलेजची मुलं घेऊन जा, त्यांनी सगळी पोरं तळाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लगोरी मांडावी. मुलं समोर असली की आई निवडू शकत नाही, पोर रडेल तेच घ्यावं लागतं, आणि पैसे कमी पडले तर ते पोरासमोर कमी पडतात. खरेदी कापडी पिशवीत घालून द्या. पुढे आई ते बोरनहाणाला देईल, बाप रात्री गाडी खाली करून आल्यावर देईल, किंवा पोर आजारी पडेल तेव्हासाठी गाठोड्यात ठेवेल. ते बघायला थांबू नका. "मुलांचा आनंद टिपायचा आहे" म्हणून कोणी मागे रेंगाळत असेल तर त्याला गाडीत बसवा.

फोटो एकही नाही. देणगीदारांना खरेदीच्या पावत्या आणि गल्ल्याचा हिशेब पाठवा. ज्याला फोटोशिवाय पैसे द्यायचे नाहीत त्याच्याकडून पैसे घेऊ नका.

गल्ला

जमलेली रक्कम त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजून तळावरच्या बायकांच्या हवाली करा. काय घ्यायचं ते त्या ठरवतील. आमच्याकडे कधी ताडपत्री झाली, कधी सौर दिवा. मत विचारलं तरच द्या.

संक्रांतीनंतर

खेळण्याच्या निमित्ताने तुम्हाला तळावरची सगळी मुलं माहीत झाली, हा या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि तो बहुतेक मंडळी वाया घालवतात. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतला आहार मिळण्याचा हक्क २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिला आहे. मूल बीडचं आहे म्हणून सांगलीतल्या अंगणवाडीने त्याला परत पाठवायचं नसतं. सहा ते चौदाच्या मुलांना जवळच्या शाळेत वयानुसार वर्गात बसवणं शिक्षण हक्क कायद्याखाली बंधनकारक आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. दाखला नाही, म्हणून प्रवेश नाही, असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

शाळेत नाव घालणं सोपं, मूल रोज येणं अवघड. मोठी मुलगी येत नाही कारण धाकटं कोण सांभाळणार. तिला समजावत बसू नका. धाकट्याला अंगणवाडीत न्यायची सोय करा, ती आपोआप येईल. मंडळाकडे खेळण्यांसाठी ठेवलेले पैसे उरले असतील तर ते अंगणवाडीपर्यंतच्या रिक्षाला लावा. माझं स्पष्ट मत आहे: दोन्हींपैकी एकालाच पुरतील एवढे पैसे असतील तर खेळणी रद्द करा, रिक्षा लावा.

मार्चमध्ये उसाचे फड संपत येतात आणि कधी पट्टा पडेल, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबेल, त्याचा नेम नसतो. टोळ्या एका रात्रीत निघतात. म्हणून फेब्रुवारीअखेरच शाळेकडून प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल कुठवर शिकलं ते पुढच्या शाळेला सांगणारं कार्ड, भरून घ्या, आईला समजावून तिच्या हातात द्या, आणि गावाकडच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबर घेऊन त्यांना एक फोन करा: पोर अमुक धड्यापर्यंत आलंय, जूनमध्ये त्याच वर्गात बसवा.