छर्रा किंवा गोळी अंगात राहिली असेल तर काय काय बघायचं

एअरगनचा छर्रा असो नाहीतर बंदुकीची गोळी, घुसली की सगळ्यांना पहिली घाई ती बाहेर काढायची असते आणि मग घरातला चिमटा घेऊन जखम उकरली जाते. प्लीज उकरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, १०८ ला फोन करा, हळद, कॉफी पावडर असलं काही भरू नका. डोळ्याला लागलं असेल तर बरोबर उलटं, अजिबात दाबायचं नाही, चोळायचं नाही, धुवायचंही नाही, कागदी कप पालथा घालून कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकवायचा, चिकटपट्टी लावायची आणि थेट डोळ्यांच्या सर्जनकडे. भोक बारीक दिसतंय म्हणून घरी थांबू नका, साडेचार मिलिमीटरचा छर्रा लहान पोराच्या छातीत, अगदी कवटीतसुद्धा जाऊ शकतो.

एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) होईल, पोलीस येतील म्हणून हॉस्पिटल टाळू नका. १९८९ च्या परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, आधी उपचार, कागदपत्रं नंतर. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

एक्स-रे दोन बाजूंनी काढायला लागतो, समोरून आणि कडेने, कारण एकाच फोटोत छर्रा हाडात रुतलाय की हाडासमोरच्या मांसात आहे ते कळत नाही. जखमेच्या तोंडाशी पेपरक्लिप चिकटवून फोटो काढला की गोळी कुठून कुठे गेली त्याचा अंदाज येतो. मग हिशोब लावतात. एक भोक आत जाणारं, बाहेर पडल्याची खूण नाही आणि फोटोत गोळीही नाही, असं झालं तर ती शरीरात दुसरीकडे शोधायलाच हवी, क्वचित रक्तवाहिनीतून वाहत लांब गेलेली असते.

एवढं झाल्यावर डॉक्टर म्हणतात "राहू दे आत", आणि नातेवाईक चिडतात. पण मांसात खोल गेलेली गोळी शोधायला कापाकापी केली तर गोळीपेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं, शरीर तिच्याभोवती जाड आवरण तयार करतं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना १९१२ मध्ये छातीत गोळी लागली, ती काढलीच नाही, पुढे ते सहा वर्षांहून जास्त जगले. त्याआधी १८८१ मध्ये अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या जखमेत डॉक्टरांनी न धुतलेली बोटं घालघालून गोळी शोधली, जंतुसंसर्ग झाला आणि ते गेले.

पण काही जागा अशा आहेत की तिथे "राहू दे" ऐकून गप्प बसायचं नाही, सर्जनला स्पष्ट विचारायचं: सांधा, मणक्याची पोकळी, डोळा, रक्तवाहिनी. छर्रे, गोळ्या बहुधा शिशाच्या असतात आणि सांध्यातलं वंगण ते शिसं हळूहळू विरघळवतं, सांधा झिजतो आणि शिसं रक्तात उतरतं.

हे शिसं फार कमी लोकांच्या लक्षात येतं आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण त्रास कधीकधी कित्येक वर्षांनी सुरू होतो. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, विसरभोळेपणा, हिमोग्लोबिन कमी, आणि पेशंट लोहाच्या गोळ्या खात बसतो कारण जुना छर्रा त्याने डॉक्टरला सांगितलेलाच नसतो. शिशाचा तुकडा आत असेल तर रक्तातलं शिसं तपासायची टेस्ट करून घ्या, परत कधी करायची तेही विचारा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये लहान मुलांसाठी लक्ष द्यायची पातळी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. बाळाचा विचार करणाऱ्या बाईने टेस्ट आधीच करावी, शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. हाड मोडलं किंवा थायरॉईड वाढलं तरी पातळी चढू शकते, हाडात साठलेलं शिसं सुटं होतं म्हणून.

एमआरआयच्या फॉर्मवर "शरीरात धातू आहे का" असा प्रश्न असतो तिथे घाईत नाही लिहू नका. शिसं, तांबं चुंबकाला ओढलं जात नाही पण पोलादी छर्रे आणि काही गोळ्यांचं पोलादी कवच किंवा गाभा ओढला जातो, डोळ्याजवळ असेल तर नजर जाऊ शकते. धातू कुठला ते नक्की माहीत नसेल तर आधी एक्स-रे, मग निर्णय रेडिओलॉजिस्टचा. सोनोग्राफीला हा प्रश्न नाही, सीटीत धातूमुळे चित्र थोडं खराब येतं एवढंच.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी फिल्म आणि रिपोर्ट मागून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, छर्रा नेमका कुठे आणि कसला ते त्यावर लिहून घ्या. जागा लाल, गरम झाली, पू आला, ताप आला, हातपाय बधिर वाटले किंवा तुकडा कातडीखाली वर आलेला हाताला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.