लेख हजारांनी उघडला, पण चप्पल घेणाऱ्यानं वाचला का?

लेख झाला की लिंक दिसेल त्या ग्रुपवर टाकायची आणि संध्याकाळी आकडा बघायचा, ही बहुतेकांची पद्धत. आकडा फुगतोही. पण ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस त्यात असेलच असं नाही. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोत कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापुरी चप्पल देशभर चर्चेत आली. त्या लाटेत ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखावी’ हा लेख सोडला असता तर तो पुष्कळांनी उघडला असता. पण वाद वाचायला आलेला माणूस कातडं आणि शिलाईची माहिती वाचत बसत नाही. पुढे सगळीकडे हाच लेख उदाहरणाला धरलाय.

आधी एक वाक्य कागदावर लिहा: हे कोण वाचणार, कधी, आणि वाचून काय ठरवणार? ‘अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं पुण्याचं कुटुंब, हातात तासभर, महाद्वार रोड किंवा चप्पल लाईनीत खरेदी, मनात फसवणुकीची धाकधूक’ इतकं नेमकं असलं पाहिजे. ‘चपलांची आवड असलेले सगळे’ हे उत्तर नव्हे. घाऊक माल उचलणाऱ्या दुकानदाराला वेगळं हवं असतं: मापं, दर, पावसाळ्यात माल कसा ठेवायचा. दोघांना एकाच लेखात बसवलंत तर दोघंही अर्ध्यातून उठतात. दोन लेख करा.

शीर्षक त्या वाचकाच्या तोंडच्या प्रश्नासारखं हवं आणि मुख्य शब्द सुरुवातीला. मोबाइलवर गूगल लांब शीर्षकाची शेपटी कापतं. ‘वारसा जपणाऱ्या हातांची कहाणी: कोल्हापुरी चप्पल’ यातलं नेमकं कामाचं तेच कापलं जाण्याची भीती. ‘कोल्हापुरी चप्पल अस्सल आहे का? विकत घेण्याआधी हे बघा’ हे चालतं. काव्य आत करा, जागा भरपूर आहे.

लिंकचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. मराठीत लिहिणारे इथं हमखास अडकतात. पत्त्यातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह कॉपी करताना टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात जातं आणि एकाची नऊ अक्षरं होतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. म्हणजे ‘कोल्हापूर’ या एका शब्दाची ९ चिन्हं आणि लिंकमध्ये ८१ अक्षरं! अशी चार ओळींची लिंक व्हॉट्सॲपवर दिसली की लोक व्हायरस समजून हात लावत नाहीत. रोमनमधले तीन-चार शब्द, मध्ये आडव्या रेघा, एवढंच पुरे. पत्ता लेख टाकण्याआधीच ठरवा. नंतर बदलला तर जुन्या लिंका तुटतात आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं रीडायरेक्ट लावत बसावं लागतं.

लिंकसोबत दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा, वजन ३०० केबीच्या आत. फाइल जड झाली की व्हॉट्सॲपवर कधी कधी चित्र येतच नाही. चपलेचा वेणीचा भाग मधोमध घ्या, कारण काही ठिकाणी चित्र चौकोनी कापून दाखवतात. पाठवण्याआधी लिंक स्वतःच्याच नंबरवर पाठवून बघा. फेसबुकवर जुनंच चित्र येत असेल तर त्यांच्या शेअरिंग डीबगर या लिंक तपासायच्या पानावर पत्ता टाकून पुन्हा वाचायला लावा.

आता पाठवायचं कुठं? तालमीच्या, सोसायटीच्या, गुड मॉर्निंगवाल्या ग्रुपवर टाकून फार काही होत नाही. माणसं ओळखीची म्हणून अंगठा देतात, वाचत नाहीत. पुण्या-मुंबईतल्या कोल्हापूरकरांचे फेसबुक ग्रुप, सहलीचं नियोजन करणारे ग्रुप इथं तो प्रश्न खरंच विचारला जातो: ‘चप्पल कुठं घ्यावी?’ त्याला चार ओळींत पूर्ण उत्तर द्या, लिंक शेवटी. उत्तर न देता नुसती लिंक फेकली की ॲडमिन काढून टाकतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करू नका, दरवेळी दोन ओळी ताज्या लिहून लिंक चिकटवा. फॉरवर्डचा शिक्का बसलेला मजकूर कमी विश्वासानं वाचला जातो, आणि अनेकदा फॉरवर्ड झालेला मजकूर पुढे एका वेळी एकाच चॅटला जातो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो. ‘पाठवलं तर सगळ्यांना, पोचलं निम्म्यांना’ असं होतं ते यामुळे.

वेळ साधायची तर सणाच्या आदल्या दिवशी लेख टाकून उपयोग नाही. गूगलवर लेख स्थिरावायला काही आठवडे जातात. नवरात्रातल्या गर्दीसाठीचा लेख दीड-दोन महिने आधी, आणि समजा गुळावरचा लेख असेल तर तो दिवाळी पाडव्याच्या गुळाच्या सौद्यांच्या बऱ्याच आधी तयार हवा. टाकल्याबरोबर गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन) पत्ता तपासून इंडेक्स करायची, म्हणजे शोधयादीत घ्यायची, विनंती करा; फुकट आहे.

प्रत्येक ठिकाणासाठी यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी, पत्त्याच्या शेवटी जोडलेली खूण) लावलेली वेगळी लिंक बनवा. गूगलचा कॅम्पेन यूआरएल बिल्डर मिनिटात करून देतो. ते नसेल तर व्हॉट्सॲपवरून आलेले बरेचसे वाचक ‘डायरेक्ट’ म्हणून मोजले जातात आणि कुठला ग्रुप कामाचा ते कधीच कळत नाही. या खुणांतली नावं सगळी छोट्या रोमन लिपीत. एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल लिहिलंत तर एकाच ग्रुपचे दोन रकाने होतात. लेखातून आपल्याच साइटच्या दुसऱ्या पानांवर नेणाऱ्या लिंकांना यूटीएम लावू नका, मूळ स्रोतात घोळ होतो.

गूगल ॲनालिटिक्स ४ या भेटी मोजणाऱ्या साधनात दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबलेली भेटही ‘एंगेज्ड’, म्हणजे रस घेतलेली, धरली जाते. लांब लेखाला ही चाळणी फार ढिली. सेटिंगमध्ये ती ६० सेकंदांपर्यंत नेता येते, न्या. शिवाय ९० टक्के खाली गेलेल्यांची ‘स्क्रोल’ नोंद बघा. दोनशे जणांतले दहा खाली पोचणारा ग्रुप आणि वीसजणांतले बारा पोचणारा ग्रुप यांत दुसऱ्याला पुढच्या वेळी आधी पाठवा.

खरा खजिना सर्च कन्सोलच्या ‘क्वेरीज’मध्ये, म्हणजे लोकांनी गूगलवर काय शोधलं त्या यादीत असतो. लेख शोधात दिसला खूप पण क्लिक कमी, तर बहुधा शीर्षकाची गडबड. ज्यांच्या शोधनिकालांत तुमच्या लेखाचा सरासरी क्रमांक ८ ते १५ आहे असे प्रश्न शोधा. तिथं थोडी भर घातली की वर यायची शक्यता असते. समजा ‘अथणीची चप्पल कोल्हापुरी का’ असं कुणी शोधतंय आणि तुमच्या लेखात अथणीचा उल्लेखच नाही. एक परिच्छेद वाढवा: २०१९च्या भौगोलिक मानांकनात (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं अशी नोंद) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हेही आहेत, आणि अथणी बेळगाव जिल्ह्यात येतं. हा प्रश्न विचारणारा माणूस खरेदीच्या अगदी दाराशी उभा असतो.

पैसे टाकून जाहिरात करायचीच तर जो लेख लोक आधीच खालपर्यंत वाचतायत त्यालाच करा. मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) ‘लिंक क्लिक’ऐवजी ‘लँडिंग पेज व्ह्यू’, म्हणजे पान खरंच उघडलं ते, निवडा; साइटवर पिक्सेल (भेटी मोजणारा मेटाचा छोटा कोड) बसवावा लागेल. चुकून बोट लागलेले आणि पान उघडण्याआधीच परत फिरलेले त्यात बरेच गळतात. पहिल्या आठवड्यात रक्कम छोटी ठेवा आणि फक्त पुणे-मुंबई घ्या. कोल्हापुरातल्या माणसाला चप्पल ओळखायला लेख लागत नाही.