इंग्लिश खाडीतल्या जुन्या मालवाहू बोटीचा माग कसा काढावा

जहाजे मोडणाऱ्या अलंगच्या बाजारातून बडोद्यात आलेली पितळी पाटी इंग्लिश खाडीत फेऱ्या करणाऱ्या एखाद्या लहान मालवाहू बोटीची आहे का, हे ठरवताना नावावर विसंबू नये, कारण मालक बदलला की बहुधा नावही बदलते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी आयएमओ क्रमांक मात्र कायम राहतो. तो वाचल्यावर पहिल्या सहा अंकांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करावी. तिचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळला पाहिजे. 9074729 या क्रमांकाची बेरीज 139 येते, म्हणजे तो बरोबर आहे.

घरातल्या जुन्या छायाचित्रात दुसऱ्या महायुद्धापूर्वीची बोट असल्यास लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदवहीचे त्या काळचे खंड इंटरनेटवर पाहावेत. नोंदीत ‘मालवाहू’ दिसले म्हणून ती मोटारी नेत नसेल असे समजून शोध थांबवू नये. कॅप्टन स्टुअर्ट टाउनसेंड यांनी 1928 मध्ये डोव्हर–कॅले मार्गावर मोटारींची वाहतूक सुरू केली, तीच मुळी ‘आर्टिफिसर’ या भाड्याच्या कोळसावाहू बोटीतून. आणि सदर्न रेल्वेने 1931 मध्ये आणलेल्या ‘ऑटोकॅरिअर’वरही मोटारी यारीनेच चढवल्या जात, त्यामुळे छायाचित्रात मोटारी आत घेण्याचा मागचा दरवाजा शोधण्यात अर्थ नाही.