थांबलेल्या गाडीचे इंजिन केव्हा बंद करावे

पुण्या-मुंबईतील काही मोठ्या सिग्नलवर उरलेले सेकंद दिसतात. आकडा तीसच्या वर असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, हँडब्रेक लावून इंजिन बंद करावे. रेल्वे फाटक, शाळेचे प्रवेशद्वार आणि औषधाच्या दुकानासमोर 'दोनच मिनिटांसाठी' लावलेली गाडी, येथे तर विचार न करता इंजिन बंदच करावे. उभ्या गाडीचे इंजिन, विशेषतः एसी चालू असल्यास, तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल एकही मीटर अंतर न कापता जाळते, आणि प्रत्येक लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते.

वारंवार स्टार्ट केल्याने जास्त इंधन लागते, हा समज कार्बुरेटरच्या काळातला आहे. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे मोजून इंधन सोडणाऱ्या आजच्या गाडीत तसे होत नाही, आणि सकाळी इंजिन गरम करण्यासाठी ते बराच वेळ चालू ठेवण्याचीही गरज नसते. बंद गॅरेजमध्ये तर तसे कधीच करू नये, कारण धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

मात्र इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होते, म्हणून हलत्या गाडीत किंवा उतारावर घरंगळत असताना चावी फिरवू नये. घाट चढून आलेल्या टर्बो डिझेल गाडीला मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करावे. बॅटरी जुनी असल्यास आधी ती तपासून घ्यावी. सिग्नल सुटल्यावर मागचे हॉर्न कोणाला थांबू देत नाहीत.