श्रीलंकेच्या डोंगरात सायकल नेताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

आपण नागपूरवाले किलोमीटरमध्ये विचार करतो. रविवारी पहाटे झिरो माइलहून निघायचं, रामटेकला जाऊन परत यायचं, येताना तर्री पोहा हाणायचा, झाले शंभर किमी, आणि ग्रुपवर फोटो. मीही तसाच होतो. म्हणून श्रीलंकेचा नकाशा उघडला आणि कँडी ते नुवारा एलिया ७७ किमी दिसलं तेव्हा म्हटलं, हे काय बे, दुपारी जेवायलाच पोहोचू!

पहिली चूक तिथेच झाली आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटी जन्मल्या.

कँडी समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर आहे आणि नुवारा एलिया १,८६८ मीटरवर. बरं हा चढ सगळ्या रस्त्यावर सारखा वाटलेला नाही. पेरादेनियावरून गंपोलापर्यंत महावेली नदीच्या कडेनं रस्ता जवळपास सपाट जातो, तुम्ही मस्त वीसच्या स्पीडनं चालवता, वाटतं की लोक उगाच घाबरवत होते. गंपोला सोडलं की रस्ता वर बघायला लागतो, पुसेल्लावा येतं, रंबोडा येतं, धबधबा येतो, आणि तिथे पाय संपलेले असताना खरा घाट अजून वरच असतो. मी रंबोड्याला साडेचारला पोहोचलो. धुकं उतरून राहिलं होतं, वळणावरची बस दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू यायचा. शेवटी एका टुकटुकवाल्या काकांनी सायकल टपावर दोरीनं बांधली आणि मला वर नेऊन सोडलं. लाज वाटली, पण थंडी त्याहून जास्त वाजत होती.

तेव्हा रोजचा प्लॅन चढाईच्या मीटरमध्ये करा. सामान लादलेली सायकल, सवय नसलेले पाय, तर दिवसाला ८००-९०० मीटर चढ भरपूर झाला, मग ते ३५ किमीत होवो की ६० मध्ये. रूट बनवताना अ‍ॅपमध्ये खाली उंचीचा ग्राफ येतो, आपण तो बघतच नाही, तोच आधी बघा. आणि कुठून कुठे एवढंच बघून फसू नका. नुवारा एलियाहून एल्ला नकाशावर उतार वाटतो, कारण एल्ला हजार-एक मीटरवर आहे. सीता एलिया, हाकगलापर्यंत मजाच मजा, पण वेलिमडानंतर बंडारवेलाकडे रस्ता पुन्हा चढवतो आणि उतार समजून पोट रिकामं ठेवलेला माणूस तिथे बसतो. मी बसलो होतो, एका पुलाच्या कठड्यावर, चिक्की खात.

आता गिअर, कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आपल्याकडे रोड बाईकला पायडलपाशी ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागच्या चाकावर ११ ते २८ दात्यांच्या चकत्या असतात आणि वर्धा रोडला ते पुरूनही उरतं. लोडेड सायकलवर उभ्या चढाला तुम्ही ताशी ६ किमीनं जाल, त्यापेक्षा जास्त नाही, उगाच हवेत राहू नका. त्या स्पीडला ३४ आणि २८ च्या गिअरवर पाय मिनिटाला जेमतेम ४० वेळा फिरतात. म्हणजे प्रत्येक पायडल म्हणजे एक दंडबैठक, आणि अशा दोन-तीन तासांत गुडघा बोलतोच. मागे ३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा असा संच ज्यात सगळ्यात मोठी ३४ ची, टाकली तर ४८ च्या आसपास जातं, बरं वाटतं. जुन्या एमटीबीचा (माउंटन बाईकचा) ट्रिपल क्रँक, म्हणजे पुढे तीन चकत्या, असेल आणि त्यातली लहान चकती २४ दात्यांची असेल तर ६७ च्या आसपास, म्हणजे गप्पा मारत चढा. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी कॅसेट झेपवतो का ते मेकॅनिकला आधीच विचारा, त्याचा केज, म्हणजे चेन धरणारा खालचा दांडा, छोटा असेल तर नाही झेपवत. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर आधी सीट बघा, बहुतेक वेळा ती खाली असते, ३-४ मिमी वर करून बघा.

प्रॅक्टिस काहून करायची आणि कुठे, हा आपला जुना प्रॉब्लेम. सेमिनरी हिल्स सुरू होते न होते तोच संपते, आणि वर्धा रोडच्या डबल डेकर फ्लायओव्हरला घाट म्हणणारे मित्र माझ्याकडे आहेत. दोन वीकेंड काढून परतवाड्याहून चिखलदरा चढा, तेही पॅनिअरमध्ये (कॅरिअरला लटकवायच्या बॅगांमध्ये) पूर्ण सामान भरून. रिकाम्या सायकलवर चढलात तर काहीच कळणार नाही.

सीझनची चूक तर फारच नागपुरी आहे. मे महिन्यात इथे ४५ डिग्री, पोरांना सुट्ट्या, मग चला लंकेच्या थंड डोंगरात. भाऊ, मे अखेरीस तिकडे नैऋत्य मान्सून लागतो आणि तो नुवारा एलियाच्या पश्चिम उतारावरच आदळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन मान्सूनच्या मधला पाऊस, दरडी पडतात. त्यानंतरचा ईशान्य मान्सून बदुल्ला-एल्लाकडची बाजू भिजवतो. सायकलला जानेवारी अखेर ते मार्च बरा. एप्रिलमध्ये सिंहली-तमिळ नववर्षाची गर्दी नुवारा एलियात लोटते, रूमचे भाव विचारूच नका. कुठल्याही महिन्यात गेलात तरी पहाटे निघा, दुपारनंतर ढग जमतात.

श्रीलंका म्हणजे समुद्र, म्हणजे गरम, असं समजून मी जॅकेट ठेवलं नव्हतं. घामानं ओला टीशर्ट, १,८०० मीटरची हवा आणि समोर उतार. हाकगलाच्या अलीकडे एका टपरीवर जुना पेपर मागितला आणि छातीवर टीशर्टच्या आत कोंबला. चालतं ते, पण जॅकेट न्या.

शॉर्टकट. अ‍ॅप तुम्हाला चहाच्या मळ्यातून नेईल, अंतर निम्मं दिसेल, चढ असा की सायकल ढकलताना बूट घसरतो. नानू ओयाजवळचा राडेल्ला शॉर्टकट तर उतारावरच्या अपघातांसाठी बदनाम आहे. ए-५, ए-४ असे नंबरवाले रस्ते धरा.

आणि ब्रेक. एल्लाहून वेल्लवायाला जाणारा ए-२३ रस्ता २७ किमीत साधारण साडेआठशे मीटर खाली जातो. मी दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवले आणि तसाच उतरलो, सावध माणूस ना. रावणा धबधब्याजवळ जळका वास आला, मागचा लिव्हर हँडलला टेकला, आणि ब्रेकची डिस्क, म्हणजे पॅड जिला पकडतात ती चाकावरची चकती, निळसर पडली होती. सतत हलका ब्रेक हीच ती चूक, उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. सरळ पट्ट्यात सोडायचं, अंग उभं करायचं म्हणजे वारा अडवतो, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबायचे, स्पीड पाडायचा, लगेच सोडायचे. रिम ब्रेकवाल्यांनो (ज्यांचे ब्रेक चाकाच्या कड्यालाच घासतात ते), तुमची रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटते, दर काही किमीला थांबा. गरम डिस्कवर बाटलीचं पाणी ओतू नका, वाकडी होते, आणि बोट तर अजिबात लावू नका, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. थंड झाल्यावर पॅड काढून बघा, काचेसारखे चमकत असतील तर पॉलिश पेपरवर घासा, चमक गेली की पकड परत येते. नाही आली तर नवे टाका, म्हणजे एक जोडी सोबत हवी, कारण वाटेतल्या दुकानात साध्या सायकलचे रबर मिळतील, तुमच्या डिस्कचे पॅड मिळतील या भरवशावर राहू नका. ७०० सीच्या, म्हणजे रोड बाईकच्या मापाच्या, ट्यूबचंही तेच.

विमानात सायकल बॉक्समध्ये भरून न्यायची असते, त्याचं थोडक्यात. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून उलटीकडे आवळू नका. बॉक्समधून काढल्यावर सगळ्यात हलक्या गिअरवर चेन कटकट करत असेल तर केबलच्या स्क्रूशी खेळत बसू नका. मागे उकिडवं बसून बघा, डिरेलरचा केज चाकाला समांतर दिसतो की आत झुकलेला. झुकला असेल तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकलाय, आणि तसंच चढावर गिअर टाकला तर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, धंतोलीच्या दुकानात माझा मिळाला नाही, ऑनलाइन मागवायला बारा दिवस लागले. तिकीट काढायच्या आधी मागवा.