नोव्हा सापडला असं वाटलं की आधी काय तपासायचं

नोव्हा म्हणजे अचानक कित्येक पटींनी उजळलेला तारा. त्याच्या शोधासाठी खानदेशची जागा उत्तम आहे. जळगाव-धुळे 21 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, त्यामुळे नोव्हा जास्त सापडतात तो आकाशगंगेचा मध्यभाग, म्हणजे धनु-वृश्चिकेचा पट्टा, इथून जवळपास 40 अंश वर चढतो. जपानमधल्या हौशी निरीक्षकांना तो जेमतेम 25 अंशांवर मिळतो, तरी त्यांच्या नावावर कितीतरी नोव्हा आहेत. आपली अडचण पावसाळ्याची. हा पट्टा रात्रभर दिसतो तेव्हाच आभाळ भरलेलं असतं. म्हणून फेब्रुवारी ते मे पहाटे आणि ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत अंधार पडताच, हे आपले दिवस. सूर्याआड गेलेला भाग फेब्रुवारीत पहाटे पुन्हा दिसू लागतो, तेव्हाचे पहिले फोटो अजिबात चुकवू नका. मधल्या काळात तिथे कुणालाच बघता आलेलं नसतं.

जागा निवडताना दक्षिण क्षितिज बघा. यावल-फैजपूरकडून दक्षिणेला भुसावळ-जळगावच्या दिव्यांचा उजेड येतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी जिथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, त्या पाटणादेवी परिसरात अंधार छान, पण दक्षिणेला डोंगर आडवा. चढावरचं मोकळं माळरान दोन्हींपेक्षा बरं.

नोव्हासाठी दुर्बीण नंतर लागते. आधी डीएसएलआर, 135 मिमी लेन्स एफ/2.8 वर आणि तारे धरून फिरणारा माउंट. आयएसओ 1600, 20 ते 30 सेकंदांचे किमान तीन फोटो घ्या आणि प्रत्येक वेळी चौकट थोडी सरकवा. हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा ताऱ्यासारखा भासणारा खोटा ठिपका, जागच्या जागी राहतो, खरा तारा शेजारच्या ताऱ्यांबरोबर सरकतो. मे महिन्यात रात्रीही 30 अंश असतात तेव्हा हॉट पिक्सेल भरमसाट येतात, त्यामुळे डार्क फ्रेम (लेन्स झाकून घेतलेले फोटो) त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्यायच्या. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी आणि केळीच्या बागांजवळ लेन्सवर दव धरतं, तिथे हीटरचा पट्टा हवाच. दव धरलेल्या लेन्सने अंधुक तारे गिळले तर त्या रात्रीची तुलना फुकट जाते.

फोटो अॅस्टॅप या प्रोग्रॅममध्ये सोडवून, म्हणजे ताऱ्यांच्या यादीशी जुळवून, विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश) काढा, मग स्वतःच्याच जुन्या फोटोवर आलटून-पालटून बघा. काही नवं दिसलं की ते नोव्हा नाही असं धरूनच तपासणी सुरू करा.

उपग्रहाची चमक एकाच फोटोत येते. भूस्थिर उपग्रह इथून साडेतीन अंश दक्षिण क्रांतीच्या आसपास दिसतात, त्या पट्ट्यात जास्त सावध राहा. लघुग्रहासाठी मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या एमपीचेकर या वेबपानावर वेळ आणि जागा टाका. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण 30 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो. लेन्सच्या फोटोत एका पिक्सेलमध्ये 6 विकला मावतात, म्हणून तासाभराने पुन्हा फोटो घ्या. दुर्बिणीतून पाव तास पुरतो. मात्र वक्री-मार्गी होताना लघुग्रह जवळपास थांबतो, तेव्हा दुसरी रात्रच खरं सांगते. सगळ्यात जास्त फसवतात ते मीरा प्रकारचे लाल चलतारे. महिनोन्महिने दिसत नाहीत आणि मग वर येतात. चलताऱ्यांची व्हीएसएक्स यादी बघा, अलादीन या आकाशनकाशाच्या प्रोग्रॅममध्ये त्याच जागेचा 2मास सर्वेक्षणातला अवरक्त फोटो उघडा. तिथे ठळक तारा असेल तर बहुधा मीराच.

एवढ्यातून टिकलं तर 8 इंची दुर्बीण लावा. 1000 मिमी फोकल लांबीवर 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल 0.8 विकला देतो. आकाशगंगेच्या गर्दीत नेमका कोणता तारा ते तेव्हाच ठरतं.

सुपरनोव्हासाठी, म्हणजे दुसऱ्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्यासाठी, दीर्घिकांची ठरावीक यादी करून तीच पुन्हा पुन्हा टिपायची. 60 सेकंदांचे पाच-सहा फोटो एकत्र करा. गाभा पांढराफटक होऊ देऊ नका, त्याच्या जवळचा सुपरनोव्हा त्यातच हरवतो. दीर्घिकेतले तेजोमेघ आणि आपल्याच आकाशगंगेतले समोर आलेले तारे जुन्या फोटोत असतातच, म्हणून संदर्भ फोटो त्याच दुर्बिणीचा आणि त्याच फिल्टरचा हवा.

कळवताना वेळ जागतिक वेळेत लिहा. 12 मार्चच्या पहाटेचे 4:45 म्हणजे 11 मार्चचे 23:15. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक निरीक्षणाची तारीख एक दिवस मागे जाते, आणि चूक इथेच होते. सुपरनोव्हा ट्रान्झियंट नेम सर्व्हर या संकेतस्थळावर, नोव्हा सीबॅट या खगोलीय शोधांच्या नोंद केंद्राच्या पडताळणी पानावर आणि एएव्हीएसओ या चलतारा निरीक्षकांच्या संघटनेला कळवा. जागा, प्रत (तेजस्वितेचं माप), फिल्टर यांबरोबर आधीच्या कोणत्या रात्री, कितव्या प्रतीपर्यंत तिथे काहीच नव्हतं तेही द्या. 19 मे 2023 ला जपानी हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी एम 101 या दीर्घिकेत एसएन 2023 आयएक्सएफ शोधला, तेव्हा स्फोटाची वेळ काही तासांच्या फरकात ठरली ती इतरांच्या आधीच्या फोटोंमुळेच. रिकामे फोटो पुसू नका.

सुपरनोव्हाच्या नावापुढे आधी एटी ही तात्पुरती खूण लागते, वर्णपट (प्रकाशाचे रंग सुटे केलेला पट्टा) मिळाल्यावर एसएन होतं. तेजस्वी नोव्हाचा वर्णपट घरीही निघतो: मिलिमीटरला 100 रेषांचं ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणारी काच, कॅमेऱ्यापुढे लावा. 656 नॅनोमीटरवर हायड्रोजनची ठळक, रुंद रेषा उजळलेली दिसली तर नोव्हाची शक्यता भक्कम होते.