पेशंटच्या रक्तात किती चढतं?

९६ खणांच्या प्लेटमधला जांभळा रंग उतरलेला पहिल्यांदा दिसला, त्या रात्री मी घरी फोन केला होता. "आई, औषध लागू पडतंय." स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, एका वनस्पतीतून वेगळं केलेलं संयुग, ५० मायक्रोमोलर इतकी तीव्रता, ७२ तास. एमटीटी या रंगाच्या चाचणीत जांभळं म्हणजे पेशी जिवंत. माझे खण जवळजवळ कोरे.

दीड वर्ष त्यातच गेलं. मग एका परिषदेत माझ्या पोस्टरपाशी एक ऑन्कोलॉजिस्ट मॅडम थांबल्या. "पेशंटच्या रक्तात हे किती चढतं?" मी गप्प.

कर्करोगाच्या औषधांवर संशोधन सुरू करताय? हा हिशोब पहिल्याच आठवड्यात करा. रेणुभार ४०० धरला तर ५० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. रक्त ५ लिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅम. एवढंच ना? मीही तिथेच फसलो. गोळीतलं बरंचसं आतड्यातून आत शिरतच नाही, शिरलेल्याला यकृत गाठतं, उरलेलं अंगभर पांगतं, आणि रक्तात राहिलेलंही पुष्कळदा अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतं. काम करतं ते मोकळं औषध. आपल्या डिशमध्ये सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनं असलेला द्रव, जेमतेम १० टक्के, त्यामुळे तिथे सगळंच जोरदार दिसतं. हळदीतलं कुरकुमिन घ्या: डिशमध्ये दहा-वीस मायक्रोमोलरला पेशी मरतात, पण रोज ८ ग्रॅम खाऊनही रक्तात दोनच्या आसपास पोचायची मारामार. याउलट इमॅटिनिब हे ल्युकेमियावरचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. १९९६ च्या प्रयोगांत १ मायक्रोमोलरला ल्युकेमियाच्या पेशी अडल्या, आणि ४०० मिलिग्रॅमच्या रोजच्या डोसने रक्तात तेवढं सहज राहतं. २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

नुसतं डॉकिंग करून, म्हणजे रेणू प्रथिनात बसतो का ते फक्त कॉम्प्युटरवर बघून, 'संभाव्य औषध' छापणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, तोंड खराब होतं. पीएचडीचा गाइड निवडताना मात्र एक बघा: त्यांचं ओपीडीतल्या कुणाशी बोलणं आहे का? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल एकत्र बसले म्हणून नेक्सकार१९, म्हणजे रुग्णाच्याच पेशी बदलून केलेला रक्ताच्या कर्करोगावरचा उपचार, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरीपर्यंत गेलं. नामवंत पण दवाखान्याची पायरी न चढलेल्या सरांपेक्षा असे सर बरे.

घाबरू नका, माझं सगळं वाया गेलं नाही. त्याच संयुगाचा एक बदललेला रेणू आता २ मायक्रोमोलरला काम करतोय. उंदरांच्या रक्तात तो किती टिकतो ते मोजायचंय, आणि प्राण्यांच्या नीतिसमितीची परवानगी अजून अडकली आहे. तुम्ही तो अर्ज आजच टाका. पेशी मरायची वाट बघू नका.